हा ताप उद्यावर टाकू नका



ताप आला की आपल्या घरी काय म्हणतात? "एक गोळी घे, नीज, उतरला नाही तर उद्या पाहू." पुष्कळदा ते निभावतेही. परंतु कर्करोगाची औषधे चालू असलेल्या रोग्याच्या बाबतीत हा 'उद्या' घातक ठरू शकतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील असे रोगी नागपूरला जातात, कोणी मलकापूर-शेगावहून आगगाडीने मुंबईचे टाटा रुग्णालय गाठतात आणि औषध घेऊन घरी परततात. हे औषध कर्कपेशींबरोबर हाडांतील मज्जेवरही घाला घालते. साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात; रोगी तेव्हा घरीच असतो. या पेशींपैकी जंतूंशी प्रथम झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी घनमिलिमीटरला 500 च्या खाली आल्या की धोका फार वाढतो. अमेरिकेत बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली हा संबंध आकड्यांनिशी मांडला.

पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशीच. त्याच नसतील तर पू कोठून होणार? सूजही बेताची. मळ्यावर जागल्याच नसेल तर आरोळी कोण देणार? उरते एकच खूण: ताप.

रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढून ओळखू येण्यास एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात रोगी हातचा जाऊ शकतो. म्हणून 1971 साली शिम्फ प्रभृतींनी निराळी वाट दाखविली: तपासणीसाठी रक्त घ्या, पण निकालासाठी न थांबता प्रतिजैविके शिरेतून सुरू करा. आज रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात पहिली मात्रा द्यावी, असा दंडक आहे. निकाल आल्यावर औषध बदलता येते. गेलेली वेळ परत येत नाही.

याचा अर्थ प्रत्येक तापाला प्रतिजैविक, असा मात्र मुळीच नव्हे. उठल्यासुटल्या ती घेतल्यानेच जंतू निर्ढावतात, आणि मग खऱ्या गरजवंताला औषध लागू पडत नाही.

तेव्हा अशा घरात थर्मामीटर हवाच. पारा 100.4 अंशांवर गेला की तापाची गोळी देऊन वाट पाहू नका. ती तापाची खूणच झाकते. मध्यरात्र असली तरी उपचाराचे कागद घेऊन निघा. मुंबईचा हट्ट नको. जवळचे कोणते रुग्णालय गाठायचे, ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. दारातच सांगा: "कर्करोगाचे औषध चालू आहे, आणि ताप आला आहे."

एवढे एक वाक्य आपण घरोघरी पोचविलेत, तर माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.