उंच पोराला जिममध्ये धाडण्याआधी

ठाण्यातला दहीहंडीचा सराव असो की डोंबिवलीतली जिम, ताडमाड उंच, सडपातळ, लांबसडक हातापायांचा एखादा मुलगा तिथे दिसतोच. 'वजनं उचल, अंग भरेल,' असं जो तो त्याला सांगतो. अशा मुलांपैकी फार थोड्यांना मार्फन सिंड्रोम असतो. साधारण ५,००० माणसांत एकाला. पण ज्याला असतो, त्याच्या जिवावर हा सल्ला बेतू शकतो.

शरीराला बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतीत फिब्रिलिन नावाचं प्रथिन असतं. मार्फनमध्ये त्याच्या जनुकात दोष असतो; त्यामुळे सांधे सैल पडतात, डोळ्यातलं भिंग सरकतं आणि हृदयातून निघणारी महारोहिणी हळूहळू फुगत जाते. अमेरिकेची फ्लो हायमन व्हॉलीबॉलमधली ऑलिंपिक रौप्यपदक विजेती. १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावरून कोसळली आणि गेली. महारोहिणी फाटली होती. मार्फनचं निदान झालं ते मृत्यूनंतर.

म्हणून व्यायामच बंद करायचा का? मुळीच नाही. मुलाला घरात बसवून ठेवणं हाही त्याच्यावर अन्यायच. तलावपाळीला किंवा कल्याणच्या काळ्या तलावाला रमतगमत फेरी मारावी, सपाट रस्त्यावर सायकल चालवावी, संथ पोहावं. चालताना सोबत्याशी सलग बोलता आलं पाहिजे. धापेनं वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

घातक आहे ते श्वास कोंडून जोर लावणं. रक्तदाब क्षणात चढतो आणि तो ताण थेट महारोहिणीवर येतो. त्यामुळे जड वजनं, जोर काढणं, रस्सीखेच नको; वीस लिटरचा पाण्याचा जारसुद्धा दुसऱ्याने उचलावा. कबड्डीची झटापट नको, दहीहंडीचे थर तर नकोतच. डोळ्यांसाठी शीर्षासनही टाळावं. आणि योगवर्गात सगळ्यांपेक्षा जास्त वाकता येतं म्हणून कौतुक होतं ना, तिथेच सांधे दुखावतात. मुळात सैल असलेले सांधे आणखी ताणू नयेत. फिजिओथेरपिस्टकडून हलके, स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत.

घरात असं उंच मूल असेल, तर त्याला अंगठा आत घेऊन मूठ वळायला सांगा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाजूने बाहेर आलं, तर तेवढ्याने घाबरू नका. पण डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितल्यास टू-डी एको करून घ्या. निदान झालेल्या कुणाच्या छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर गॅस समजून थांबू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा आणि मार्फन आहे, हे आधी सांगा.