लहान टोमॅटोचे पिढीजात बी



टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर तो भारतात आला. तमिळ गृहिणींना ‘तक्काळी’ हे नाव मात्र नवे नव्हते. परसातल्या कामोणीला त्या ‘मणत्तक्काळी’ म्हणतच होत्या. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ही दोन्ही झाडे एकाच प्रजातीची होत. घोसाघोसाने लागणारा, बोराएवढा चेरी टोमॅटो कामोणीच्या अधिकच जवळचा वाटतो.

ज्याचे बी दरवर्षी राखून पेरले तरी झाड मूळच्यासारखेच येते, तो पिढीजात वाण. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर स्त्रीकेसराभोवती नळीसारखे जुळलेले असतात. त्यामुळे बहुतेक फुलांचे परागण आपल्याच परागकणांनी होते आणि वाण शुद्ध राहतो. संकरित वाणाचे तसे नाही. भारतात १९७३ साली ‘कर्नाटक’ हा संकरित टोमॅटो बाजारात आला आणि पुढे अशा वाणांचा प्रसार झाला. त्यांचे उत्पन्न भरघोस असते. परंतु त्यांच्या फळातले बी पेरल्यास रोपे सारखी निघत नाहीत, म्हणून दरवेळी नवे बी विकत घ्यावे लागते.

चेन्नईत खरा प्रश्न हंगामाचा आहे. रात्र फार उष्ण असली की फुले गळतात, आणि दिवसाचे तापमान ३५ अंशांपलीकडे गेले की परागकण निकामी होऊ लागतात. म्हणजे मे महिना वर्ज्यच. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. त्यात कोवळी रोपे कुजतात. म्हणून बी नोव्हेंबरात आडोशाला पेरावे आणि पाऊस ओसरताच, चार-पाच पाने फुटलेली रोपे गच्चीवरील कुंड्यांत लावावीत. जानेवारी-फेब्रुवारीच्या मंद हवेत फळ धरते. सकाळी फुलांचे देठ हलकेच टिचकीने हलविल्यास परागण सुधारते. पाने आकसू लागली तर पांढऱ्या माशीने विषाणू आणला असे समजावे आणि ते रोप उपटून टाकावे.

बियांसाठी निरोगी झाडावरील पूर्ण पिकलेली फळे निवडावीत. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्ये असतात. म्हणून गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबू द्यावा, तळाशी बसलेले बी स्वच्छ धुवावे व सावलीत वाळवावे. समुद्रकाठच्या दमट हवेत उघडे ठेवलेले बी लवकर निर्जीव होते. घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड जागी ठेवल्यास ते चार-पाच वर्षे टिकू शकते.

एखाद्या घराने एक वर्ष पेरणी चुकविली तर बाटलीतले बी तग धरते. पण सर्वांनीच ती चुकवीत राहिल्यास तो वाण कायमचा नाहीसा होतो. म्हणून मूठभर बी शेजाऱ्याला द्यावे. एका गच्चीवरील पीक पावसाने नेले, तरी दुसऱ्या गच्चीवर तो वाण जिवंत असेल.