हात वर करून न सुटणारा प्रश्न



कामगार संघटनेत वाद वाढला, म्हणजे आम्ही ठराव मतास टाकतो. हात मोजले, की निकाल लागला. गणितातील एक वाद मात्र असा आहे, की तेथे हात मोजून भागत नाही.

समजा, निरनिराळ्या वजनांची 40 पोती दोन गाड्यांत समसमान भरावयाची आहेत. कोणी भरून दाखविली, तर काट्यावर तपासणे सोपे. पण तशी मांडणी शोधू गेल्यास मांडण्या एक लाख कोटींहून अधिक निघतात! वाट कमी करणाऱ्या युक्त्या आहेत. परंतु पोती आणि वजनांचे आकडे कितीही वाढले तरी झटपट चालेल, अशी रीत अजून मिळालेली नाही. जे झटपट तपासता येते, ते झटपट शोधताही येते काय? 'पी' आणि 'एनपी' यांचा प्रश्न म्हणतात तो हाच.

स्टीफन कुक यांनी 1971 साली तो मांडला. सोव्हिएत रशियात लिओनिद लेव्हिन स्वतंत्रपणे तेथेच पोचले. 1972 मध्ये रिचर्ड कार्प यांनी असे 21 प्रश्न दाखविले. आपली पोती त्यांतच आहेत. एकाला झटपट रीत सापडली, की सर्वांना सापडली. एकजूट म्हणावी ती ही!

2002 साली विल्यम गॅसार्च यांनी 100 जाणकारांची मते प्रसिद्ध केली. 61 म्हणाले, अशी रीत नाहीच. 9 म्हणाले, आहे. आमच्या सभेत ठराव मंजूर झाला असता. येथे प्रश्न जागचा हलला नाही. 'आजवर जमले नाही' म्हणजे 'जमणारच नाही' नव्हे. मालकाच्या तोंडचे हे वाक्य आपणही कधी पुरावा म्हणून मानीत नाही.

मग प्रयत्न वाया गेले काय? नाही. 1975 मध्ये बेकर, गिल आणि सोलोवे यांनी दाखविले, की तेव्हाच्या रुळलेल्या पद्धतींनी हा निकाल लागणार नाही. 1994 मध्ये राझबोरोव्ह आणि रुडिच यांनी आणखी एक मोठी वाट अपुरी ठरविली. अट एवढीच, की भक्कम गुप्तलेखन शक्य असावे. 2010 साली मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या विनय देवळालीकरांनी 'रीत नाही' अशी सिद्धता पुढे ठेवली. थोड्याच दिवसांत जाणकारांनी ती उघडपणे तपासून तिच्यातील गंभीर उणिवा दाखविल्या.

2000 साली जाहीर झालेले दहा लाख डॉलरचे बक्षीस अजून तसेच आहे. आपल्या बँकव्यवहारांची गुप्तताही काही कोडी झटपट सुटणार नाहीत, या विश्वासावरच उभी आहे. बहुमताने कारभार चालवावा; सत्य मात्र तपासूनच घ्यावे.