ट्रॅक्टरची लिफ्ट : पंप बदलण्यापूर्वी दोष ओळखा

(कृषी विज्ञान केंद्रात भरलेल्या शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कृषिविद्या विषयाचा शिक्षक आहे. वाण, पेरणी, तणनियंत्रण यांवर बोलणे हे माझे काम. आज मी ट्रॅक्टरच्या लिफ्टवर बोलायला उभा राहिलो याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु पेरणीची वेळ आणि बियाण्याची खोली या दोन्ही गोष्टी आता बऱ्याच शिवारांत या लिफ्टच्या हाती गेल्या आहेत. सोयाबीनचे बी 3 ते 5 सेंटिमीटरपेक्षा खोल गेले की उगवण विरळ होते, हे आपण सर्व जाणता. लिफ्ट झिजली असेल तर शिफारस कितीही चांगली असो, बी पडायचे तेथे पडत नाही.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमची शेती कोरडवाहू, रब्बी ज्वारीची. ऐन पेरणीत, वळणावर उचललेले पेरणी यंत्र आपोआप खाली बसू लागले. मेकॅनिक आला, त्याने पाहताक्षणी सांगितले, "पंप गेला." आम्ही विश्वासाने नवा पंप बसवला. यंत्र पुन्हा बसू लागले ते बसूच लागले. आठ दिवसांनी शेजारच्या गावचे एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी यंत्र उचलून इंजिन बंद करायला लावले आणि शांतपणे उभे राहिले. यंत्र हळूहळू जमिनीला टेकले. ते म्हणाले, "इंजिन बंद म्हणजे पंप बंद. मग पंपाने खाली कसे आणले?" लिफ्ट उघडली तेव्हा पिस्टनवरची रबरी ओ-रिंग तुटलेली निघाली. पंपाचे पैसे गेले त्याचे दुःख कमी. त्या आठ दिवसांत वरची ओल उडाली आणि त्या वर्षी ज्वारी विरळ उगवली, ते दुःख मोठे.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. लिफ्ट "उचलत नाही" आणि लिफ्ट "धरत नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात.

लिफ्ट कशी काम करते?

ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अवजार जोडून ते तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसन यांनी 1930 च्या दशकात बाजारात आणली. आजही तत्त्व तेच आहे. इंजिनच्या शक्तीवर चालणारा पंप जाळीतून तेल ओढतो आणि ते कंट्रोल व्हॉल्व्हमार्फत सिलिंडरमध्ये ढकलतो. पिस्टन सरकतो, वरचा आडवा शाफ्ट फिरतो आणि दोन्ही हात वर उचलले जातात. या तेलाचा दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला 150 ते 200 किलो इतका चढू शकतो. दाब मर्यादेबाहेर गेल्यास रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो व तेल परत टाकीत जाते.

अवजार वर गेले की पंपाचे काम संपते. त्यानंतर अवजाराचा सगळा भार सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलावर असतो. म्हणून उचलण्याचा दोष बहुधा पंपाच्या बाजूला आणि धरून ठेवण्याचा दोष सिलिंडर व व्हॉल्व्हच्या बाजूला शोधावा.

सुरुवात तेलापासून करा

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, अवजार खाली टेकवून तेलाची पातळी पाहावी. डिपस्टिकवरचे तेल बोटांवर चोळून तपासावे.

1) तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. भाताच्या चिखलणीत चालणाऱ्या किंवा जोराच्या फवाऱ्याने धुतल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये हे विशेष आढळते.

2) तेलाला फेस येत असल्यास पातळी कमी आहे किंवा ओढणाऱ्या नळीतून हवा शिरत आहे.

3) तेलात चमकणारा धातूचा कीस दिसल्यास आत झीज चालू आहे. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स व लिफ्ट यांचे तेल एकच असते, त्यामुळे गिअरचा कीसही पंपाकडे जातो.

उलटणारी ट्रॉली वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरमधलेच तेल घेतो आणि येताना तेथली घाण घेऊन येतो. नळी जोडताना तोंड फडक्याने पुसावे. जाळी पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर साफ करावी आणि कागदी फिल्टर असल्यास तो बदलावा.

लिफ्ट उचलत नसेल तर

इंजिन चालू असताना पंप कण्हल्यासारखा आवाज करत असेल तर त्याला तेल पुरत नाही. आधी पातळी आणि जाळी पाहावी. सकाळी थंड असताना आवाज येतो व तेल तापल्यावर कमी होतो, तेव्हा बहुधा जाळी तुंबलेली असते किंवा तेल फार दाट असते.

याच्या उलट, सकाळी लिफ्ट छान उचलते आणि दुपारी तापल्यावर दमते, हे झिजेचे लक्षण आहे. तापलेले तेल पातळ होते आणि झिजलेल्या भागांतील फटींतून निसटते. इंजिनचा वेग वाढवल्यावरच अवजार उचलले जात असेल तर तोच संशय घ्यावा.

रिकामी लिफ्ट वर जाते, पण अवजार उचलत नाही, अशा वेळी रिलीफ व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. त्याची स्प्रिंग ढिली झाली किंवा कचरा अडकला तरी दाब चढत नाही. त्याआधी अवजाराचे वजनही विचारात घ्यावे. पुस्तिकेतील उचलक्षमता ही पुष्कळदा खालच्या लिंकच्या टोकांपासून 610 मिलिमीटर मागे मोजलेली असते. भार त्याहून मागे गेला की क्षमता घटते. रिलीफ व्हॉल्व्ह आवळून जास्त वजन उचलण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये.

लिफ्ट धरत नसेल तर

प्रथम लिव्हर पाहावा. त्याची पकड ढिली असल्यास तो धक्क्यांनी आपोआप खाली सरकतो आणि आपण सिलिंडरला दोष देतो.

लिव्हर जागेवर असेल तर साधी चाचणी घ्यावी. मोकळ्या सपाट जागी नेहमीचे अवजार पूर्ण उचलावे. इंजिन बंद करावे, लिव्हर वरच ठेवावा. बाजूला काठी रोवून तिच्यावर अवजाराच्या उंचीची खूण करावी आणि अर्ध्या तासाने दुसरी खूण करावी. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तेथेही उचललेला भार किती खाली येतो हे मोजतात. आपण खरीप व रब्बीपूर्वी हे अंतर मोजून वहीत लिहावे. एका मोजमापावरून फारसे कळत नाही; तेच अवजार दरवेळी अधिक बसू लागले तर झीज वाढते आहे हे नक्की.

बाहेर कोठे तेल गळत नसेल तर दोष आत आहे. ज्या ट्रॅक्टरमध्ये सिलिंडरकडचा मार्ग पूर्ण बंद करणारा व्हॉल्व्ह आहे, तेथे तो बंद करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तरीही अवजार बसले तर पिस्टनची ओ-रिंग किंवा सिलिंडर झिजला आहे. बसायचे थांबले तर कंट्रोल व्हॉल्व्हकडे पाहावे. इंजिन चालू असताना उचललेले अवजार थोडे बसते, पुन्हा उचलते, अशी मान डोलावत असेल तर तीही याच गळतीची खूण आहे.

लिंक आणि पिना

तेल चांगले असूनही नांगराची खोली कमीजास्त होत असेल तर टॉप लिंकची पिन, तिचे भोक व खालच्या लिंकचे गोळे हलवून पाहावेत. भोक लांबट झाले असेल तर जमिनीच्या ओढीचा अंदाज लिफ्टपर्यंत नीट पोहोचत नाही. नांगरणीसाठी ड्राफ्ट कंट्रोल व रोटाव्हेटरसाठी पोझिशन कंट्रोल वापरावा. पुष्कळदा लिव्हरची निवड चुकलेली असते आणि आपण बिघाड समजतो.

जिवाची काळजी

उचललेल्या अवजाराखाली हात, पाय किंवा डोके घालू नये, मग ते क्षणभर का असेना. काम करायचेच असेल तर भक्कम लाकडी ओंडके द्यावेत. ट्रॅक्टर सोडून जाताना अवजार जमिनीवर टेकवावे. दाबाखालची गळती बोटाने शोधू नये, पुठ्ठा धरावा. बारीक छिद्रातून सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, परंतु हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे घडल्यास दुखण्याची वाट न पाहता लगेच मोठ्या दवाखान्यात जावे आणि तेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

मित्रहो, लिफ्ट उघडणे हे मिस्त्रीचे काम आहे, ते त्यालाच करू द्या. परंतु त्याला बोलावताना "लिफ्ट बिघडली" एवढेच सांगू नका. उचलत नाही की धरत नाही, थंड असताना की तापल्यावर, अर्ध्या तासात किती बसते, हे सांगा. पेरणीला अजून अवकाश आहे. घरी गेल्यावर अवजार उचला, इंजिन बंद करा आणि काठी रोवा. वाफसा आल्यावर तो आपल्यासाठी थांबणार नाही.