उसने देणे, उसने घेणे

मुलांनो, आज मी तुमच्याशी थोडे इंग्रजीबद्दल बोलणार आहे. मराठीच्या तासाला इंग्रजी कशाला, असे म्हणू नका. गंमत पुढेच आहे.

मी तुमच्याएवढी होते तेव्हाची गोष्ट. चित्रकलेच्या तासाला माझे खोडरबर हरवले. मी बाईंजवळ गेले आणि म्हणाले, "मिस, प्लीज बॉरो मी युअर रबर." पुढच्या बाकावरची दोघे-तिघे हसली. मग कितीतरी दिवस मी वर्गात इंग्रजी बोललेच नाही.

घरी आजीला सगळे सांगितले. तिला इंग्रजी येत नव्हते. ती म्हणाली, "अगं, परवा मी शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर उसनी घेतली. काल त्यांना तांदूळ उसने दिले. घेणे निराळे, देणे निराळे. तुझ्या इंग्रजीत नाही का तसे?"

होते की! 'बॉरो' म्हणजे उसने घेणे आणि 'लेंड' म्हणजे उसने देणे. मी म्हणायला हवे होते, "प्लीज लेंड मी युअर रबर." किंवा, "मे आय बॉरो युअर रबर?"

आपण मॉरिशसची मुले घरी बहुधा क्रिओल बोलतो. क्रिओलमध्ये 'आप्रान' हा एकच शब्द शिकणे आणि शिकवणे या दोन्हींसाठी चालतो. फ्रेंचमधल्या 'आप्रांद्र'चेही तसेच. म्हणून "मिस लर्न्स अस" असे आपल्या तोंडून निघून जाते. अशा वेळी मनात मराठी वाक्य करून पाहा. आपण शिकतो, ते 'लर्न'. बाई शिकवतात, ते 'टीच'.

आणखी एक जोडी सांगते. पत्र्यावर पाऊस पडतो, त्याचा आवाज आपोआप ऐकू येतो. ते 'हिअर'. आजीची गोष्ट आपण कान देऊन ऐकतो. ते 'लिसन', आणि त्याच्यापुढे 'टू' विसरायचा नाही.

पण 'डू' आणि 'मेक' यांनी मला फार छळले! मराठीत गृहपाठ करतो, चूकही करतो आणि केकही करतो. क्रिओलमध्ये तिन्हींना 'फेर'. इंग्रजीत मात्र गृहपाठ 'डू', चूक 'मेक' आणि केकही 'मेक'. इथे आजीचाही इलाज चालला नाही. शेवटी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले आणि शब्द पाठ केले. चुकीच्या रकान्यात पहिला शब्द गेला, तो गृहपाठच!