काळजाच्या नावाची वनस्पती

पेणमध्ये आमच्या आळीत एक जुनी विहीर आहे. पावसाळ्यात तिच्या दगडांवर हिरवे, चपटे पापुद्रे चिकटलेले असायचे. आपण सरसकट त्यांना शेवाळ म्हणतो. पण ती होती लिव्हरवर्ट, शास्त्रीय मराठीत ‘यकृतका’. पापुद्र्याच्या पाळ्या यकृतासारख्या, म्हणून हे नाव. उर्दूत यकृत म्हणजे जिगर; आपल्या ‘काळीज’ शब्दाचाही जुना अर्थ यकृतच. कवीला ही वनस्पती परकी कशी वाटावी?

आता तिच्याशेजारी ताम्हण ठेवून पाहू. आपले हे राज्यपुष्प वैशाखात पेणहून रोह्याकडे जाताना जांभळ्या बहराने भेटते. ताम्हणाला मुळे आहेत, पाणी शेंड्यापर्यंत चढवणाऱ्या वाहिन्या आहेत. यकृतकेला दोन्ही नाहीत. केसासारख्या तंतूंनी ती दगड धरते आणि अंगानेच पाणी शोषते. ताम्हणाचे पराग मधमाशी नेते. यकृतकेचे पुंबीज पाण्यातून पोहत स्त्रीबीजाकडे जाते. ओल नाही, तर मीलन नाही.

खरी गंमत पुढे आहे. दोघांच्याही आयुष्यात दोन पिढ्या आलटूनपालटून येतात : एक बीजाणू देणारी, दुसरी स्त्रीबीज-पुंबीज घडवणारी. ताम्हणात पहिली पिढी म्हणजे अख्खा वृक्ष. दुसरी परागकणात आणि फुलातल्या बीजांडात दडलेली. यकृतकेत नेमके उलट. आपल्याला दिसतो तो पापुद्रा दुसऱ्या पिढीचा. पहिली त्याच्याच आधाराने वाढते, बीजाणू उधळते आणि सुकून जाते. गोष्ट एकच, फक्त घरातला कर्ता बदललेला.

रोह्याचे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याआधी केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र शिकले होते. हिशेब आणि हिरवाई यांचे वैर नाही. पण आपला हिशेब झाडापाशीच थांबतो. शहरातले झाड तोडायचे तर १९७५च्या कायद्याने परवानगी लागते. दगडावरची ओल बुजवायला कोणाला विचारावे लागत नाही.

आमची विहीर आतून सिमेंटने लिंपली गेली. पुढच्या पावसाळ्यात भिंत कोरी होती. ‘स्वच्छ झाली,’ सगळे म्हणाले. मीही म्हणालो. चूक फार उशिरा कळली.

तुमच्याकडे जुनी विहीर असेल आणि दुरुस्ती निघाली, तर एक बाजू तेवढी दगडाचीच राहू द्या.