जर्सीवर उमटलेलं गाणं



२८ ऑक्टोबर २०२३ या दिवशी बार्सिलोनाचा फुटबॉल संघ रिअल माद्रिदविरुद्ध उतरला, तेव्हा खेळाडूंच्या छातीवर लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ होती. एरवी त्या जागी गाणी ऐकवणाऱ्या एका कंपनीचं नाव असतं. त्या दिवशी तिथं रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्या बँडची खूण आली. बार्सिलोना सामना एक-दोन असा हरलं, पण ती जर्सी मात्र गाजली.

या जिभेचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. १९७० मध्ये जॉन पॅश नावाचा तरुण लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत होता. बँडचा गायक मिक जॅगर यानं त्याला एक चित्र दाखवलं. ते होतं कालीमातेचं. त्या चित्रावरून पॅशला वाट सापडली. त्यानं देवीचं रूप, हात, आयुधं, सगळं बाजूला सारलं आणि तोंड आणि जीभ एवढंच ठेवलं. या कामाचे त्याला सुरुवातीला ५० पौंड मिळाले. पन्नासेक वर्षांनी तीच खूण फुटबॉलच्या मैदानावर धावली.

फुटबॉल आणि संगीत यांना ग्राफिक डिझायनर एकत्र कसं आणतो, हा आपला आजचा विषय. सामना दीड तासात संपतो, गाणं चार-पाच मिनिटांत. दोन्ही गोष्टी घडतात आणि सरून जातात. चित्र मात्र जागचं हलत नाही. म्हणून डिझायनरला असं काहीतरी निवडावं लागतं, की ते नजरेला पडताच गाणंही आठवावं आणि खेळही. फुटबॉलशेजारी गिटार काढून ठेवली, तर दोन वस्तू दिसतात. त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

बोलतात कशा, ते पीटर सॅव्हिल या इंग्रज डिझायनरच्या कामात बघायला मिळतं. १९७९ मध्ये त्यानं जॉय डिव्हिजन या बँडच्या ध्वनिमुद्रिकेचं वेष्टन केलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या नागमोडी रेघा, एकीखाली एक. एका दूरच्या ताऱ्याकडून ठरावीक अंतरानं येणाऱ्या रेडिओ स्पंदनांचा तो आलेख, खगोलशास्त्राच्या एका कोशात छापलेला. प्रत्येक रेघ मागचीसारखीच, तरी थोडी निराळी. पुढं १९९० च्या विश्वचषकासाठी न्यू ऑर्डर या बँडनं इंग्लंडच्या खेळाडूंना सोबत घेऊन गाणं केलं, त्याचंही वेष्टन सॅव्हिलचंच. आणि २०१० मध्ये इंग्लंड संघाची जर्सी करायची वेळ आली, तेव्हा त्यानं झेंड्यावरचा लाल क्रॉस घेतला, बारीक केला आणि खांद्यांवर वेगवेगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा मांडला. आजचा इंग्लंड अनेक रंगांच्या माणसांचा आहे, हे त्यातून सांगायचं होतं. रेघा असोत की क्रॉस, रीत एकच. एक आकार घ्यायचा, तो परत परत आणायचा आणि दर वेळी थोडा बदलायचा. भजनात चाल तीच राहते आणि गाणारा दर आवर्तनाला वेगळी जागा घेतो, तसंच हे. डोळ्यांना लय जाणवते ती यामुळं.

दुसरं उदाहरण हॉलंडच्या आयाक्स संघाचं. २००८ मध्ये हा संघ वेल्समधल्या कार्डिफला मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेला होता. सामना संपल्यावर मैदानात बॉब मार्ले या गायकाचं तीन पाखरांचं गाणं लागलं आणि आयाक्सचे पाठीराखे ते गाऊ लागले. तेव्हापासून ते गाणं त्यांचंच झालं. २०२१ मध्ये संघानं त्यावर जर्सी काढली: काळं कापड, त्यावर लाल, पिवळा, हिरवा रंग आणि पाठीवर मानेखाली तीन चिमुकली पाखरं. युरोपच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या स्पर्धांत ती पाखरं चालणार नाहीत असं सांगितलं, कारण कापडावर काय असावं याचे त्यांचे नियम कडक आहेत. लोक तरी जर्सी घ्यायला धावलेच. गाण्याचा एकही शब्द तिथं छापलेला नव्हता. ज्याला गाणं ठाऊक, त्याला पाखरं पुरेशी होती.

आता कुणी म्हणेल, ही मोठ्या कंपन्यांची कामं. पण गोव्याचे रेमो फर्नांडिस आठवा. मुंबईत वास्तुकला शिकलेले हे गायक. १९८४ मध्ये त्यांनी आपली पहिली कॅसेट घरीच ध्वनिमुद्रित केली, तिचं वेष्टनही स्वतःच केलं आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवली. फुटबॉलचं म्हणाल, तर कोल्हापुरात तालमींच्या नावानं संघ खेळतात. शाहू स्टेडियमवर कुठला पाठीराखा कुणाचा, ते त्याच्या अंगावरच्या रंगावरून कळतं. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडं नेणाऱ्या विजय बारसे यांच्यावरून नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट केला, त्याला संगीत अजय-अतुल यांचं. म्हणजे सामान आपल्याकडं भरपूर आहे.

आपल्या नेकनूरला तर ते आहेच. बंकटस्वामी महाराजांच्या या गावात टाळ-मृदंग नवा नाही. आपल्याकडं क्रिकेटपुढं फुटबॉल मागं पडतो हे खरं, पण चेंडू आणि एक मोकळं रान मिळालं की पोरं खेळतातच. त्यांच्या संघाची जर्सी करायची झाली, तर फ्लेक्सच्या दुकानात कोरल या सॉफ्टवेअरमध्ये तयार फाइल उघडतात. आगीच्या ज्वाळा, डरकाळी फोडणारा वाघ, खाली नाव. शेजारच्या गावाचा वाघही तोच.

त्याऐवजी आपला केरवा ताल घ्या. आठ मात्रा. पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे मुख्य जोर; पाचवीवर खाली, म्हणजे टाळी न देता सोडलेली जागा. याच हिशेबानं जर्सीवर आठ उभे पट्टे आखा. पहिला सगळ्यांत रुंद आणि गडद, कारण ती सम. पाचवा पट्टा भरायचाच नाही, कापड तसंच पांढरं सोडायचं, कारण ती खाली. उरलेले पट्टे बोलांच्या वजनाप्रमाणं जाड-बारीक.

छपाईलाही हे सोयीचं पडतं. आजकालच्या जर्सी बहुतेक सब्लिमेशननं छापतात. नक्षी आधी कागदावर उलटी छापतात, मग कागद पॉलिएस्टरच्या कापडावर ठेवून तापलेल्या यंत्रात दाबतात. शाईची वाफ होते आणि धाग्यात मुरते, म्हणून धुतल्यावर रंग सोलत नाही. मात्र या पद्धतीत पांढरी शाई नसते. पांढरं हवं तिथं कापडच पांढरं ठेवावं लागतं. म्हणजे आपली खाली यंत्रालाही मंजूर! पट्टे ठळक असल्यानं रानाच्या पल्याडच्या बांधावरूनही आपला खेळाडू ओळखू येईल, आणि डिझायनरनं तेही बघायचंच असतं. पाठीवरचा क्रमांक सुवाच्य ठेवायला मात्र मागचे पट्टे फिके घ्या.

एक सावधगिरी. रोलिंग स्टोन्सची जीभ किंवा बार्सिलोनाचं चिन्ह इंटरनेटवरून उचलून छापू नका. त्यावर त्यांचा हक्क असतो. केरव्यावर कुणाची मालकी नाही.

तेव्हा गावातल्या संघाची पुढची जर्सी करायची असेल, तर दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ पखवाज वाजवणाऱ्या बुवांकडं बसा. त्यांना ठेका सावकाश वाजवायला सांगा, वहीत आठ घरं आखा आणि कुठल्या घरात जोर येतो ते पेन्सिलनं भरत जा. ते पान घेऊनच मग फ्लेक्सवाल्याकडं जा. वाघ त्याच्याकडं तयार आहे, आपल्या गावचा ठेका मात्र आपल्यालाच न्यावा लागेल.